बसते, पण वाजत नाही

कॅसेटवर वाढलेल्या माझ्या पिढीला एक खोड आहे. खाचेत वस्तू बसली की ती वाजणारच, असं आम्ही धरून चालतो. खोड उगाच लागलेली नाही. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली आणि थोड्याच वर्षांत ती बनवण्याचा परवाना इतर कंपन्यांना विनामोबदला देऊन टाकला. त्यामुळं कॅसेट जगभर एकच राहिली. टोकियोत भरलेली तारापूरच्या टपरीवर वाजली, आखातातून भरून पाठवलेलं खुशालीचं बोलणं आगाशीच्या ओटीवर सगळ्या घरानं बसून ऐकलं. टेप गुंतायची, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. डॉल्बीचं बटण चुकीच्या बाजूला असलं तर आवाज जरा सळसळायचा. पण वाजायची.

डिस्क आली आणि हा भरवसा मोडला. मोडलाय हे कळायला मात्र बऱ्याच जणांना डिस्कचा जमाना संपेपर्यंत वेळ लागला.

मी वसईत राहतो. लोक माझ्याकडे जुने प्लेअर घेऊन येतात. मी दुकानदार नाही, रिपेअरवाला तर नाहीच. सोल्डरिंग येतं आणि हाताशी वेळ आहे, एवढंच भांडवल. आमच्याकडे पापडी, गास, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यातून बोटीवर आणि आखातात गेलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. सुट्टीवर येताना त्यांनी जे आणलं ते शोकेसच्या काचेमागं जाऊन बसलं आणि त्याचं थर्माकोलसकट खोकं पोटमाळ्यावर गेलं. टू-इन-वन, डिस्कमन, क्वचित आणखी काही. आता घर पाडून इमारत उठायची असते, पोटमाळा रिकामा होतो आणि पिशवी माझ्या दारात येते. प्रश्न ठरलेला असतो, "चालेल ना हे?" विचारणाऱ्याची नजर मशीनवर असते. मी आधी डिस्क मागतो.

डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. मागची बाजू स्वच्छ चंदेरी दिसली तर ती कारखान्यात छापलेली. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल तर घरी नाहीतर दुकानात भरलेली सीडी-आर. हिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरनं तो भाजून खुणा केलेल्या असतात. नीट पाहिलं तर भाजलेला भाग जिथं संपतो तिथं छटा बदलते, वर्तुळाची बारीक कड दिसते. न वाजवताच कळतं की डिस्क काठोकाठ भरलीय की दोन गाण्यांवरच भागवलंय. राखाडी, काळपट दिसली तर ती पुन्हापुन्हा लिहायची सीडी-आरडब्ल्यू. इथं गडबड सुरू होते. छापील सीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ७० टक्के परत पाठवते. आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. सोनीचा हातात मावणारा पहिला सीडी प्लेअर, डी-५०, १९८४ साली आला तेव्हा असल्या डिस्क अस्तित्वातच नव्हत्या. तो आणि त्याच्या मागून आलेले बरेच जुने डिस्कमन अशा डिस्ककडे बघून सरळ 'नो डिस्क' दाखवतात. त्यांच्या हिशेबी ते खरंच बोलत असतात.

हे झालं बाहेरून. आत काय भरलंय हा त्याहून मोठा घोळ. मूळ संगीताची सीडी म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज, ७४ मिनिटं, पुढं ८०. त्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवर कुणी एमपी३ फाइली टाकल्या की ती संगीताची सीडी उरत नाही, ती संगणकाची डिस्क होते. नालासोपारा-विरारच्या स्टेशनाबाहेर एकेकाळी अशा डिस्कचे ढीग असायचे. एका डिस्कमध्ये शेकड्यांनी गाणी, वर नट्यांचे चेहरे. जुन्या डिस्कमनमध्ये ती घातली की झाकण बंद होतं, चकती गरगरते, एकच ट्रॅक दिसतो आणि त्याचे सेकंद निमूट पुढं सरकत राहतात. आवाज नाही. काही फारच जुनी मशीनं फाइलचे आकडे आवाज समजून वाजवायला जातात आणि कर्कश खरखर बाहेर फेकतात. स्पीकर जोडून, आवाज मोठा ठेवून हा प्रयोग करू नये. प्लेअरच्या झाकणावर नुसतं 'कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ' असं चिन्ह असेल तर त्याच्याकडून एमपी३ ची अपेक्षा धरू नका. एमपी३ असं वेगळं लिहिलेलं असलं तरच तो ते वाजवेल, आणि असे फिरते प्लेअर २००० च्या आसपास यायला लागले.

एमपी३ वाजली तरी सुटका नाही. माझ्या ओळखीच्या एका आजोबांना नातवानं 'गीतरामायण' डिस्कवर टाकून दिलं. पुणे आकाशवाणीवरून १९५५ सालच्या १ एप्रिलपासून आठवड्याला एक अशा क्रमानं आलेली ५६ गाणी. गदिमांनी लिहिलेली, बाबूजींनी चाल लावलेली. आजोबांनी ती आधी रेडिओवर ऐकली, मग तबकड्यांवर, मग कॅसेटवर, आणि त्यांना क्रम पाठ. नातवानं फाइलींना १, २, ३ असे आकडे दिले, पण एकेरी आकड्याआधी शून्य लावलं नाही. संगणकी अक्षरक्रमात १ नंतर १० येतो आणि २ येतो तो १९ नंतर. त्यामुळं वनवास आधी सुरू झाला. पुढं तर पाचव्या गाण्यानंतर पन्नासावं ते छप्पन्नावं अशी शेवटची सगळी गाणी आली आणि मग सहावं, म्हणजे रामजन्माचं. आजोबा म्हणाले, "प्लेअर बिघडलाय." बिघडला काहीच नव्हता. नावं मराठीत होती, प्लेअरच्या पट्टीवर त्या जागी नुसते चौकोन दिसत होते, तेव्हा बिचाऱ्यांना तपासायलाही काही साधन नव्हतं. फाइलींना ०१, ०२ अशी नावं देऊन दुसरी डिस्क भरली आणि राम वेळेवर जन्मला.

लग्नाच्या व्हीसीडींबद्दल एवढंच सांगतो की त्या संगीताच्या प्लेअरमध्ये घालूच नका. संगणकात उघडा, एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये एव्हीएसईक्यू०१.डॅट अशी फाइल सापडेल, ती उचलून ठेवा. साधे व्हिडिओ प्लेअर ती दाखवतात. आणि आखातातून आलेला अगदी पहिल्या काळातला डीव्हीडी प्लेअर घरी भरलेली सीडी नाकारत असेल तर त्याच्या नावानं बोटं मोडू नका. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. सीडी-आरचं रंगद्रव्य या दुसऱ्या प्रकाशाला दाद देत नाही. पुढं कंपन्यांनी दोन्ही लेसर बसवले आणि तो प्रश्न मिटला.

मशीनबद्दल माझी एकच धास्ती आहे, ती ॲडॉप्टरची. जपानात घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तिकडून आणलेल्या डिस्कमनचा मूळ ॲडॉप्टर वसईच्या भिंतीत खुपसला की धूर निघतो, आणि लोक सगळ्यात आधी नेमकं तेच करतात, कारण कन्व्हर्टर प्लग लावला की पिन बसते! ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. तिथं १०० ते २४० लिहिलेलं नसेल तर तो बाजूला ठेवा आणि पेन्सिल सेल घाला. सेलवर वाजवलं की घरघरही येत नाही.

आणखी एक. ओरखड्यांची भीती लोकांना चकचकीत बाजूची वाटते. खरं मर्म वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतं. सीडीचं प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड असतं आणि माहितीचा थर असतो अगदी वर, लेबलच्या लागून, त्यावर लाखेचा पापुद्रा फक्त. खालचा ओरखडा घासून काढता येतो. वर बॉलपेननं दाबून 'शाळेचं गॅदरिंग' लिहिलं की गॅदरिंग गेलं. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर त्या पापुद्र्याच्या कडेनं दमट हवा शिरते आणि ॲल्युमिनियमला टाचणीएवढी भोकं पडतात. डिस्क ट्यूबसमोर धरली की पलीकडचा उजेड त्या भोकांतून दिसतो. अशी डिस्क आज वाजली तर आजच उतरवून घ्यावी.

हे सगळं परवडलं, असं मला मिनीडिस्क हातात आल्यावर वाटलं.

मिनीडिस्क आपल्याकडे फारशी रुजली नाही. सोनीनं ती १९९२ सालच्या नोव्हेंबरात जपानात विकायला काढली. ६४ मिलिमीटरची चकती, सात सेंटिमीटरच्या चौकोनी डबीत कायमची बंद, सरकतं पत्र्याचं दार. तिच्यावर लिहिण्याची तऱ्हा मला अजूनही भुरळ घालते. लेसर एका बिंदूला सुमारे १८० अंशांपर्यंत तापवतो, तो बिंदू क्षणभर आपली चुंबकी दिशा विसरतो, तेवढ्यात पलीकडचं हेड त्याला नवी दिशा देतं, आणि निवला की ती पक्की होते. दहा लाख वेळा लिहा-पुसा, असं कंपनी सांगायची. डबीमुळं बोटांचे ठसे नाहीत, धूळ नाही. वसईच्या हवेत माझ्या पाहण्यात तरी ती सीडीपेक्षा जास्त टिकली आहे.

गासकडच्या एका मुलानं अशी एक डिस्क आणली. वडील बोटीवर होते, आता नाहीत. तिकडंच कुठल्या तरी बंदरात त्यांनी मिनीडिस्कचा रेकॉर्डर घेतला होता आणि घरच्या एका लग्नात, मांडवाच्या दिवशी, स्वतःच्या आईची गाणी त्यावर भरली होती. कादोडी बोलीतली लग्नाची गाणी. ही वसईच्या सामवेदी लोकांची बोली, हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचीही, आणि तिच्यातली गाणी बायकांच्या तोंडात राहत आली. रेकॉर्डर मध्येच कुणाला तरी देऊन टाकलेला. उरली ही एक डिस्क, वर वडिलांच्या अक्षरात आईचं नाव. मुलानं हौसेनं जपानच्या जुन्या बाजारातून एक प्लेअर मागवला. डिस्क बसली. पट्टीवर नाव आलं, सेकंद सरकायला लागले. हेडफोनमध्ये काही नाही. त्यानं हेडफोन बदलला, सेल बदलला, मग माझ्याकडे आला.

"काका, डिस्क पुसली गेलीय का?"

"नावाच्या आधी काय अक्षरं आहेत?"

"एलपी. मला वाटलं बाबांनीच लिहिलंय."

बाबांनी नव्हतं लिहिलं, रेकॉर्डरनं लिहिलं होतं. पहिली मिनीडिस्क सेकंदाला २९२ किलोबिट खर्च करायची. २००० साली सोनीनं जास्त वेळ भरता यावं म्हणून दोन नव्या पद्धती काढल्या, एक १३२ किलोबिटची, एक ६६ ची. दुसरीत ८० मिनिटांच्या डिस्कवर पाच तास वीस मिनिटं मावतात. पण आधीच्या आठ वर्षांत विकलेल्या मशीनांना ही नवी भाषा येत नव्हती. त्यांनी ती आपल्या रीतीनं वाचली असती तर कानठळ्या बसल्या असत्या. म्हणून योजना अशी केली की जुन्या मशीनवर ही डिस्क गप्प राहील, सेकंद चालतील, आणि नावाआधी आलेल्या 'एलपी' वरून मालकानं काय ते ओळखावं. इंजिनिअर लोकांचा हा शहाणपणा मला आवडला. फक्त त्यांनी गृहीत धरलं होतं की मालक जिवंत असेल आणि माहितीपुस्तिका त्याच्या खणात असेल.

मी आधी डिस्कच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं केलं, म्हणजे आता चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग प्लेअरच्या पाठीवर पाहिलं. या नव्या पद्धतींचं एमडीएलपी हे चिन्ह नव्हतं. ते चिन्ह असलेलं कुठलंही मशीन चाललं असतं. २००४ साली आलेल्या हाय-एमडी जातीचंही. ती मशीनं जुन्या डिस्क वाजवतात. उलट मात्र होत नाही. हाय-एमडीची एक जीबीची डिस्क डबी तशीच असूनही जुन्या मशीनला परकी, आणि जुनीच डिस्क हाय-एमडी पद्धतीनं तयार केली असेल तर तीही. विकत घेण्याआधी डबीवरचं आणि मशीनवरचं चिन्ह जुळवून बघणं एवढंच करायचं असतं; ते कुणी करत नाही, कारण फोटोत सगळ्या डब्या सारख्याच दिसतात.

मशीन आगाशीला मिळालं, बोटीवरूनच निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे. कोणी कोणत्या बंदरात काय घेतलं हे या लोकांना वीस वर्षांनीही आठवतं. आतली चपटी बॅटरी मेली होती, पण बाहेरून लावायची पेन्सिल सेलची डबी त्यांनी जपून ठेवली होती. "न्या, पण परत आणा," म्हणाले.

त्या संध्याकाळी मुलाची आत्याही आली होती. आधी मांडवाचा गलका, भांडी, कुणाला तरी हाका. मागं ब्रास बँड. ६६ किलोबिटमध्ये पितळी वाद्यांची पार दैना होते, सगळा बँड विहिरीत उतरून वाजवल्यासारखा. मग म्हातारीचा आवाज, जवळ, पुष्कळ जवळ, बहुतेक माइक पदराला लावला असावा. तिच्या आवाजाखाली सतत एक घुर्र घुर्र होतं. मला वाटलं रेकॉर्डरच्या मोटरचं असेल. तिसऱ्या गाण्याच्या अध्येमध्ये ते एकाएकी थांबलं, चार-पाच जण एकदम ओरडले, आणि कळलं की तो पंखा होता आणि लाईट गेली होती. रेकॉर्डर सेलवर चालू राहिला. म्हातारीनं ओळसुद्धा तोडली नाही. त्यापुढची गाणी इतकी स्वच्छ आहेत की तिनं मध्ये श्वास कुठं घेतला तेही ऐकू येतं. विजेच्या कारभाराचा वसईकराला झालेला मी पाहिलेला हा एकमेव फायदा. मुलाला कादोडी समजते, बोलताही येते, पण गाण्यातले कितीतरी शब्द त्याला आत्याला विचारावे लागले. आत्या सांगत होती, आणि मधूनच "इथं दोन ओळी गाळल्या हिनं" असं म्हणून त्या स्वतः म्हणत होती. मी त्याला म्हटलं, आत्याचंही भरून घे, फोनवर घे, आजच घे.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. या डिस्कमधला आवाज आहे तसा संगणकात उतरवायला सोपी वाट असायला हवी होती. २००१ साली नेटएमडी आलं, मिनीडिस्क वायरनं संगणकाला जोडता यायला लागली, पण रस्ता एकेरी. संगणकातून डिस्कवर गाणं टाका, तेही मोजून तीन वेळा. डिस्कवरून संगणकात काही न्यायचं नाही. सोनी १९८८ पासून सीबीएस रेकॉर्ड्सची मालक होती, त्यांना गाण्यांच्या चोरीची भीती. ती मी समजू शकतो. पण माइक लावून भरलेला आपल्याच आईचा आवाजही त्या कुलपाआड गेला. २००६ साली आलेल्या एमझेड-आरएच१ या एका मशीननं जुन्या डिस्क उतरवून घ्यायची सोय दिली, तोवर मिनीडिस्क संपत आली होती. आता ते मशीन जुन्या बाजारात चढ्या भावानं जातं. अलीकडे हौशी लोकांनी काही नेटएमडी मशीनांना वळसा घालून आवाज बाहेर काढायची युक्ती शोधली आहे, त्यांचं भलं होवो. सोनीनं प्लेअर २०१३ साली बंद केले आणि कोऱ्या डिस्क २०२५ च्या फेब्रुवारीत. तक्रार कुणाकडे करणार?

तेव्हा आम्ही गावठी वाट धरली. हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात. गाणी जितका वेळ, उतरवायला तितकाच वेळ. घाई चालत नाही. मशीन सेलवर ठेवायचं, आवाज मध्यम, बास वाढवायचं बटण बंद. फाइल आधी न दाबता, वेव्ह स्वरूपात ठेवायची; नातेवाइकांना पाठवायला एमपी३ मागाहून करता येते. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत, कारण २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटं कशी बाहेर आली ते आम्ही पाहिलंय. फाइलीच्या नावात कोण गातंय, कुठं, कधी, कुणी भरलं हे लिहायचं. म्हातारीचं नाव मुलानं लिहिलं, साल आत्यानं आठवून सांगितलं. आगाशीचं मशीन दुसऱ्या दिवशी परत केलं.

त्यानंतर असल्या आणखी डिस्क माझ्याकडे आल्या आहेत, आणि आगाशीच्या मशीनचं झाकण आता नीट लागत नाही. म्हणून सांगतो. वसई-विरारमध्ये कुणाच्या शोकेसमध्ये एमडीएलपी लिहिलेला मिनीडिस्कचा रेकॉर्डर पडून असेल तर तो भंगारात किलोवर घालू नका, आणि परदेशातल्या हौशी गिऱ्हाइकालाही इतक्यात विकू नका. आत विसरलेला सेल असेल तर तो काढून टाका, गळून आतलं तांबं खातो. मग ओळखीपाळखीत ज्याच्याकडे डिस्क आहे पण मशीन नाही अशा माणसाला तो आठवडाभर उसना द्या.